एकविसाव्याची सिद्धता

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपल्याकडे म्हणतात. मी सात वर्षं तो आरसाच घडवत होतो आणि त्याला पीएचडी म्हणत होतो.

विषय सांगतो, घाबरू नका. आमच्या आईला समजला, तुम्हालाही समजेल. एकवीस कबुतरं आहेत आणि वीस खुराडी. एका खुराड्यात एकच कबुतर बसेल. सगळी आत जातील का? नाही जाणार, एक बाहेर राहील. शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण तर्कशास्त्रात नुसतं कळून भागत नाही, सिद्ध करावं लागतं, आणि ते कोणत्या हत्याराने करायचं हेही आधी ठरवावं लागतं. माझ्या वाट्याला जी पद्धत आली तिच्यात नियम एकच. दोन विधानं घ्यायची. एकात एखादी गोष्ट ‘आहे’ म्हणून असते, दुसऱ्यात तीच ‘नाही’ म्हणून. ती दोन्हीकडून खोडायची आणि उरलंसुरलं जोडून नवी ओळ लिहायची. असं खोडत खोडत जेव्हा एक ओळ कोरी येते, तिच्यात काहीच उरत नाही, तेव्हा समजायचं की मुळातली मागणीच अशक्य होती. झाली सिद्धता.

आता घोडं कुठे अडतं, तर या पद्धतीला मोजता येत नाही. ‘एकवीस’ आणि ‘वीस’ हे तिला ठाऊकच नाही. तिला एवढंच दिसतं की हे कबुतर या खुराड्यात जाईल, किंवा त्या, किंवा त्या. आणि अमुक दोन कबुतरं एका खुराड्यात जाणार नाहीत. त्यामुळे जे पोरगं बोटं मोजून सांगेल, तेच सांगायला तिला इतक्या ओळी लागतात की कागद संपेल, शाई संपेल आणि लिहिणाराही संपेल. कितीही हुशारी केली तरी ओळी कमी होत नाहीत, हे परदेशात आधीच सिद्ध झालेलं होतं. मी त्यातल्या एका पोटप्रकारावर काम करत होतो: प्रत्येक कबुतराला सगळी खुराडी चालत नाहीत, मोजकीच चालतात, तेव्हा काय होतं? तेव्हाही तेच होतं, असं माझं म्हणणं. एवढं म्हणायला दीडशे पानं लागली.

आई गावात सांगायची, “धाकटा अमरावतीले कबुतरायवर शिकून राह्यला.” आमचं गाव दर्यापूरकडचं. शेजारी शिवणकाम करणारे एक चाचा होते, त्यांच्या गच्चीवर खरी कबुतरं होती. सुट्टीत गेलो की ते एखादं पेंगणारं कबुतर घेऊन यायचे आणि याला काय द्यावं विचारायचे. मला औषध माहीत नाही म्हटल्यावर एकदा म्हणाले, “मियाँ, सिर्फ गिनते हो? और उसकी पगार मिलती है?” मी त्यांना सांगू शकलो नाही की चाचा, गिनतीच तर मना आहे.

पगार मिळायचा हे खरं. कॉलेजात अधिव्याख्याता होतो आणि तोच पगार घरातल्या सगळ्या गोंधळाचं मूळ होता. माझा मोठा भाऊ, दादा, शेती करायचा. बाबा गेले तेव्हा तो बारावीत होता. पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि शेतात उतरला, म्हणून मी शिकलो. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, एखादं भांडण करून तरी मोकळा झालो असतो.

ते वऱ्हाडाचे वाईट दिवस होते. दिल्लीहून गाड्या भरून लोक यायचे, कापसात उभे राहून फोटो काढायचे आणि अमरावतीच्या हॉटेलात जेवून परत जायचे. शेती करणाऱ्याचं काय होतं हे अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलं, आणि ज्यांच्या घरी लग्नाच्या मुली होत्या त्यांनी तर फारच नीट पाहिलं. मुलीचा बाप यायचा, चहा प्यायचा, शेत पाहायचा, खूश व्हायचा. आठवड्याने निरोप यायचा, जमत नाही. जावयाच्या घरी शेती पाहिजे, पण ती जावयाने करायला नको, अशी त्यांची साधी अपेक्षा होती. ती कोणी बापाने तोंडाने मात्र सांगितली नाही. प्रत्येक वेळी कारण वेगळं.

पहिल्याला घर मातीचं वाटलं. दादाने दोन खोल्यांवर स्लॅब टाकला. दुसऱ्याला मोटरसायकल नव्हती ते खटकलं. मोटरसायकल आली. मग बोअर झाली, गॅस आला, मोरीच्या जागी बाथरूम झालं, त्यात फरशा बसल्या. आई प्रत्येक नकार स्वतंत्र मोजायची. “त्याईले पान्याचंच वाटलं, बाकी सारं पसंत होतं,” असं म्हणायची आणि पुढच्या उन्हाळ्यात पाण्याचं बघायची. एक कारण खोडलं की दोन नवी जोडून यायची. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात; आमच्या दादाचं नाक तर चांगलं सरळ होतं. सहा वर्षं हा प्रकार चालला. मी अमरावतीत बसून अशाच खोडाखोडीवर प्रबंध लिहीत होतो, आणि घरी तीच चालली आहे हे माझ्या बापजन्मात लक्षात आलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायला लाज वाटते पण सांगतो. थोरल्याचं झाल्याशिवाय धाकट्याचं करायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. मी बत्तिशीला पोचलो होतो. अचलपूरच्या शाळेत एक बाई शिकवायच्या, आमची एका प्रशिक्षणात ओळख झाली होती, आणि दोघांच्या मनात काय ते स्पष्ट होतं. त्यांचे वडील दोन वर्षं थांबले होते. दर दोन महिन्यांनी त्या फोनवर विचारायच्या, “दादांचं काही जमलं का?” आणि मी म्हणायचो, बोलणी चालू आहेत. तेव्हा दादाचं लग्न व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, यात शंका नाही. त्या मनात माझा स्वार्थ किती होता, ते मोजलेलं नाही.

बघायला पाहुणे आले की मी गावात नसावं, असंही घरात न बोलता ठरलं होतं. एकदा चुकून होतो. पाहुण्यांनी दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मी काय करतो ते विचारलं, आणि पोह्यांची बशी खाली ठेवून आईला म्हणाले, “लहान्याचं मनात असन तं आपन बोलू शकतो.” दादा पाणी आणायला म्हणून उठला तो सरळ शेतात गेला. मी संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला पळालो. त्यानंतर चार पाहुणे माझ्या गैरहजेरीत नकार देऊन गेले, म्हणजे माझ्या असण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, असं मी स्वतःला समजावलं.

मग अकोल्याचा मेळावा झाला. आमच्या समाजाच्या मंडळाने उपवर मुलामुलींचा परिचय मेळावा ठेवला. मंगल कार्यालय भाड्याने घेतलं, फोटोंसकट पुस्तिका छापली. दादाचा फोटो दर्यापूरच्या स्टुडिओत काढला होता. फोटोवाल्याने त्याला स्वतःचा कोट घातला होता, त्यामुळे तो वीज मंडळातल्या कुणासारखा दिसत होता. मुलींच्या पानांवर ‘अपेक्षा’ असा रकाना होता आणि त्यात ‘नोकरदार, पुणे’ हे इतक्या वेळा आलं होतं की छापणाऱ्याने शिक्का बनवला असावा. मुलांना एकेक करून स्टेजवर बोलावत होते. दादा गेला, गाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, ओलिताची शेती आहे सांगितलं, आणि पुढे काय बोलावं न सुचून तसाच उभा राहिला. सूत्रसंचालकाने त्याच्या हातातून माईक घेतला तेव्हा तो ‘निर्व्यसनी’ म्हणाला, ते पहिल्या रांगेपलीकडे कुणाला ऐकू गेलं नाही. मी मागे खुर्चीवर बसलो होतो. मला माईकवाल्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मंडळाचे सचिव एक निवृत्त गुरुजी होते. मेळावा आटोपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “प्राध्यापक, तुमचं कम्प्युटरचं हाये ना? मंग एक काम करा.” त्यांच्याकडे दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यातल्या नोकरी नसलेल्या, शेती करणाऱ्या मुलांचे फॉर्म होते, आणि ज्यांनी ‘शेतकरी चालेल’ वर खूण केली अशा मुलींचे. फॉर्मांना नंबर होते, आणि कोणाला कोणते नंबर चालतात तेही दोन्हीकडच्या बापांनी भरून दिलं होतं. मुलींना काय वाटतं, असा रकाना नव्हता. गुरुजींची योजना अशी की सगळ्यांच्या जोड्या एका दमात लावायच्या आणि एकाच मांडवात सगळी लग्नं उरकायची. एकही मुलगा उरला नाही पाहिजे. “एखादा उरला तं त्याचा मामा मंडळ डोक्यावर घेते,” ते म्हणाले. “कम्प्युटरनं ठरवलं म्हटलं म्हंजे भांडन नाई.”

मी तो गठ्ठा छातीशी धरून अमरावतीला आणला. माझा विषय, माझं हत्यार आणि माझा भाऊ, तिन्ही एका फाइलीत आली होती. गुरुजींना होकार दिला तेव्हा मी स्वतःला उगाच फार महत्त्वाचा समजलो.

प्रोग्राम माझाच होता, प्रबंधासाठी लिहिलेला. तो एक जोडी गृहीत धरायचा, पुढची बघायचा, अडला की का अडला ते एका ओळीत लिहून मागे यायचा आणि त्या ओळी खोडत-जोडत बसायचा. सगळ्या जोड्या लागल्या तर थांबून यादी द्यायचा. सगळ्या लागूच शकत नसतील तर कोरी ओळ येईपर्यंत दळत राहायचा. मी पहिलं नाव दादाचं टाकलं. म्हटलं, जोड्या लावायची सुरुवात तरी त्याच्यापासून होऊ दे. मग बाकीचे फॉर्म भरले, गाव, नातं, कुणाला कोण चालतं, सगळं काळजीपूर्वक भरलं, दोनदा तपासलं आणि सुरू केलं.

त्या काळात आमच्याकडे वीज दिवसातून अनेकदा जायची. ती गेली की प्रयोगशाळेचा इन्व्हर्टर अर्धा तास तग धरायचा, मग सगळं बंद. म्हणून मी प्रोग्राम जिथे थांबेल तिथून पुढे चालेल अशी सोय केली. त्यात दोन दिवस गेले. मग डिस्क भरली, जुन्या परीक्षांच्या फायली पुसून जागा केली. एक आठवडा झाला. रोज सकाळी जाऊन बघायचो, ओळी लाखांनी वाढलेल्या असायच्या, यादी नाही आणि कोरी ओळही नाही. गुरुजी फोन करून विचारायचे, “लागल्या का?” मी सांगायचो, चालू आहे. तिकडे अचलपूरच्या फोनवरही तेच सांगायचो.

दुसरा आठवडा संपता संपता दादा अमरावतीला आला. बोअरची मोटर जळाली होती, ती दुरुस्तीला टाकली आणि वेळ काढायला कॉलेजात आला. सात वर्षांत तो पहिल्यांदाच माझ्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवत होता. चपला दाराबाहेर काढून आत आला. मी घाल म्हटलं तरी घातल्या नाहीत. दुपारची वेळ होती, पोरं गेलेली. पडद्यावर ओळी सरकत होत्या.

“हे काय करून राह्यलं?”

मी त्याला सगळं सांगितलं. गुरुजींचे फॉर्म, एका दमात जोड्या, पंधरा दिवसांचं दळण. टेबलावर छापलेली यादी होती, ती त्याने उचलली. पलीकडचं पान पाहिलं. मग बोट लावत मुलांची नावं खालपर्यंत वाचली, तसंच मुलींची. कागद टेबलावर ठेवला.

“अरे, पोट्टे एकवीस हायेत. पोरी वीस.”

 खरं सांगतो, कानशिलं गरम झाली. एकवीस कबुतरं आणि वीस खुराडी यावर ज्याने हयात घातली, त्या माणसाने फॉर्म मोजले नव्हते. प्रत्येक फॉर्म दोनदा तपासला होता, आणि किती आहेत हे एकदाही पाहिलं नव्हतं. मला वाटलं दादा हसेल. तो हसला नाही, उलट मलाच सांभाळून घेत म्हणाला, “होते असं. लय कागद असले म्हंजे होते.”

मी त्याला म्हटलं, “हे मशीन चालू ठेवलं तर कधीतरी हेच सांगेल. जुळत नाही म्हणून. पण आपण दोघं मरून जाऊ तोवर.”

“अन् सांगन तवा कोन उरते, थे सांगन का?”

“नाही. एक उरतो एवढंच. कोण ते नाही सांगत.”

“मंग कायचं शिकले बे तुमी,” तो म्हणाला. एवढ्या वर्षांत माझ्या विषयावर कुणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता, आणि माझ्या मार्गदर्शकांनी तर कधीच नाही. दादाने यादी परत जवळ ओढली. मग यादीवर बोट ठेवून म्हणाला, “पयला नंबर माहा काहून?”

“मी टाकला.”

“काढून पाह्य.”

“नाही काढणार.”

“अरे, पाह्याले काय जाते? पाह्य तं सई.”

मी म्हटलं, फक्त दाखवण्यापुरतं. त्याच्या समाधानासाठी. त्याची ओळ काढली आणि बटण दाबलं. पंधरा दिवस जे यंत्र घरघरत होतं त्याने मी बोट उचलायच्या आत उत्तर दिलं. वीस ओळी. वीस मुलं, वीस मुली, सगळ्या जोड्या लागलेल्या.

दादाने त्या मोठ्या आवाजात वाचल्या. ओळखीची नावं आली की थांबायचा. “याचं होते? बरं झालं. याच्या माईनं लय नवस केले.” एका मुलाच्या नावावर हसलाही, त्याच्याबरोबर तो शाळेत होता. वीसच्या वीस वाचून झाल्यावर म्हणाला, “असंच देऊन दे गुर्जीले.”

“वेड लागलं का तुला?”

“मले कटाळा आला बाबू,” तो म्हणाला. साध्या आवाजात, जसं जेवण झालं म्हणतात तसं. “दर साली कोनी येते, घर पायते, मले पायते. माय त्याईच्या एक एक गोष्टीवर जीव टाकते. स्लॅब झाला, बोअर झाली, आता माह्याजवळ बदलाले काई नाई राह्यलं. मी शेती करतो, थे तं नाई बदलनार ना?” मग चपला घालायला दाराकडे गेला आणि पाठमोराच बोलला, “अन् अचलपूरवाल्याईले यंदा हो म्हन. कायले थांबवून ठेवलं त्या पोरीले?”

त्याला कुणी सांगितलं, मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. त्याने मला मोटर घ्यायला बरोबर येतो का विचारलं, मी तास आहे म्हटलं. तास नव्हता.

त्या वीस जोड्यांपैकी प्रत्यक्षात दोन जमल्या. कारण बापांनी भरलेले फॉर्म आणि मुलींच्या मनातलं यांत जे अंतर होतं ते कुठल्याच यंत्रात घातलेलं नव्हतं. दोघींनी हो म्हटलं, बाकीच्यांनी चक्क नाही म्हटलं, आणि मला वाटतं बरंच केलं. गुरुजींनी मांडव रद्द करून पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेचं काम हाती घेतलं. माझा प्रबंध मंजूर झाला. तोंडी परीक्षेत एकाने विचारलं की या सिद्धांताचा व्यवहारात काही उपयोग आहे का, आणि मी नाही म्हटलं. ते प्रामाणिक उत्तर सगळ्यांना आवडलं.

पण त्या दुपारचं राहिलंय. दादा गेल्यावर मी एकटाच बसलो होतो, वीज होती, यंत्र चालू होतं. यादी पंधरा दिवस अडली ती एक मुलगा जास्त म्हणून. दादाच्याऐवजी दुसरा काढला असता तरी बाकीचे वीस जुळले असते का, हे बघणं सोपं होतं. दादाचं नाव परत टाकायचं, दुसऱ्याचं काढायचं, बटण दाबायचं. नाही जुळलं तर तिसऱ्याचं. सगळे मिळून वीस वेळा. दादाच का उरतो, हा जो प्रश्न सहा वर्षं आमच्या घरात होता त्याचं माझ्या हातातलं उत्तर चहा थंड व्हायच्या आत मिळालं असतं.

मी ते केलं नाही. यादी छापली, पाकिटात घातली, अकोल्याला गुरुजींच्या पत्त्यावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अचलपूरला फोन केला.